माझ्या नावाचा श्वास

त्या सकाळी गाडीनं मला ओळखायला नकार दिला.

कऱ्हाड-चिपळूण, पहिली फेरी. माणसं बसून झाली होती. कोयनानगरला निघालेला एक म्हातारबा पुढच्याच सीटवर पिशवी मांडीवर घेऊन माझ्या मानेकडं बघत होता. मी पट्टा लावला, अंगठा टेकवला. एरवी काचेखाली हिरवा दिवा लागतो आणि स्टिअरिंग मोकळं होतं. त्या दिवशी लाल लागला आणि खाली अक्षरं आली, 'झोपलेली व्यक्ती व चालक एक नाहीत.'

मी पुन्हा वाचलं. रात्रभर मी झोपलो होतो. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच असा ठार झोपलो होतो, आणि ही गाडी मला सांगत होती की झोपला तो कुणीतरी दुसरा.

"काय झालं, डायवर?" म्हातारबानं विचारलं.

"गाडीला माझा संशय आलाय," मी म्हणालो आणि खाली उतरलो.

संशय हा खरं तर माझा प्रांत. दूध डेअरीतलं फॅट मोजायचं यंत्र, विजेचं मीटर, मेव्हण्याचा गोड स्वभाव, कशावर म्हणून माझा विश्वास नाही. शालन, माझी बायको, म्हणते की देवळात गेलो तरी मी आधी देवाकडं बघत नाही, चपला कुठं ठेवल्यात तिकडं बघतो. खोटं नाही ते. घाटात गाडी चालवणाऱ्याला हा स्वभाव लागतोच. पुढच्या वळणावर कुणीतरी चुकीच्या बाजूनं येतंय असं धरूनच चालायचं असतं. मी ते आयुष्यभर धरलं आणि आजवर कुणाला खरचटलंही नाही, म्हणून त्या स्वभावाची मला लाज वाटत नव्हती.

पण हे प्रकरण सुरू झालं ते कंपनीच्या तपासणी शिबिरात. झोपेचा कायदा नुकताच आला होता. रात्री धड न झोपलेल्या चालकांनी मोठ्या रस्त्यांवर लागोपाठ माणसं मारली, तेव्हा सरकारनं ठरवलं की ज्याच्या झोपेत खोट आहे त्याला उपचाराशिवाय प्रवासी गाडी नाही. शिबिरात सगळ्या ड्रायव्हरांना विचारलं, घोरता का? सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. मीही सांगितलं. शालन माझ्या मागं उभी होती. तिनं पदराआडून फोन काढला आणि डॉक्टरीणबाईंच्या कानाशी धरला. आत माझं घोरणं होतं. मध्येच ते थांबायचं, बराच वेळ काही नाही, आणि मग बंद पडलेलं इंजिन हँडल मारून चालू करावं तसा एक भयंकर आवाज यायचा.

मी तिच्यावर आठवडाभर धुमसत होतो. गेली दोन वर्षं ती मागं लागली होती की घाट सोडा, गावातली फेरी घ्या. मला वाटलं, हा तिचाच डाव. नवऱ्याचं घोरणं चोरून भरून ठेवणारी बाई आणखी काय काय करत असेल?

त्या डॉक्टरीणबाई, मुजावर बाई, मात्र सरळ बोलणाऱ्या. बोटाला चिमटा आणि छातीला पट्टा लावून माझी एक रात्र तपासली आणि मला समोर बसवून समजावलं. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरते आणि हवेची वाट मिटते. छाती जोर लावत असते, पण आत काही जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो. शेवटी मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, घसा उघडतो, एक मोठा श्वास जातो, पुन्हा झोप, पुन्हा घसा बंद. रात्रभर हेच. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही, फक्त डोकं जड असतं आणि दुपारी डोळे मिटतात.

"आणि यावर औषध?"

"हवा," बाई म्हणाल्या. "ऑक्सिजन नाही हं, या खोलीतलीच हवा. तुमच्याकडं शेतात तो चपटा पाईप असतो ना? मोटर बंद असली की लोळत पडतो, मोटर सुरू झाली की पाण्याच्या जोरानं गोल होतो. तसंच. मशीन नाकातून हवेचा हलका दाब देतं, घसा मिटायचं थांबतं."

मशीन आलं. उशाला डबा, डब्यातून निघालेली लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. मी त्याचं नाव सोंड ठेवलं. तिच्यासोबत झोपणं म्हणजे चालत्या ट्रकमधून डोकं बाहेर काढून झोपायचा प्रयत्न करणं. तोंड कोरडं पडायचं. पोटात हवा भरून सकाळी ढेकरांची माळ लागायची. नाकाच्या दांडीवर वळ उठले. आणि कुणीतरी तोंड दाबून धरलंय अशी धडकी भरायची ती वेगळीच. नियम असा की रात्रीत निदान चार तास सोंड लावलेली असली तर सकाळी डेपोत हिरवा दिवा.

गंमत म्हणजे हिरवा दिवा रोज लागायचा. सकाळी जाग यायची तेव्हा मास्क उशीशेजारी पडलेला असायचा. मी समजायचो, पहाटे निघाला असेल. आणि तरीही माझं डोकं जडच, डोळे मिटायचे ते मिटायचेच. तेव्हा मी निष्कर्ष काढला की हे सगळं थोतांड आहे. सगळ्यांनाच हिरवा देतात आणि मशीन खपवतात. डेपोत मी तसं बोललोही. तिथं तर आणखीच किस्से. कुठल्याशा ड्रायव्हरनं म्हणे मास्क टेबलफॅनला बांधून आठ दिवस हिरवा मिळवला होता. दिवाळीनंतर सरकारनं मशीनमध्ये नवी अक्कल घातली, ती असल्याच लोकांसाठी. ती काय होती, हे तेव्हा आम्हाला कुणी फोड करून सांगितलं नाही.

त्याच दिवसांत घरातही कुठंतरी पाणी मुरत होतं. शालन दोन उशा घेऊन जवळजवळ बसूनच झोपायला लागली. मला वाटलं, माझ्यावर नजर ठेवायला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. ती जिन्याच्या वळणावर थांबून पिशवीत किल्ली शोधायची आणि मी बघायचो तर किल्ली हातातच. माझ्यापासून काय लपवते ही? मग एक दिवस तिच्या पायातले पैंजण दिसेनासे झाले. लग्नातले पैंजण. विचारलं तर म्हणाली, "वाजत्यात, नको वाटतं." वीस-पंचवीस वर्षं वाजले तेव्हा नको वाटलं नाही. माझी खात्री पटली की तिनं ते उंब्रजच्या आपल्या भावाला दिले.

मग घाटात ते घडलं. हेळवाक सोडून गाडी कुंभार्ली घाट उतरायला लागली होती. ऊन पडलं होतं, रस्ता कोरडा, मागं कुणीतरी मोसंबी सोलत होतं, त्याचा वास आला. एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते हे की खुर्ची खालून गदागदा हलत होती, गाडी स्वतःहून करकचून थांबली होती आणि समोर कठडा होता, त्यापलीकडं नुसतं हिरवं. माझे डोळे मिटले होते. किती वेळ, ते गाडीला माहीत. मागं एक बाई मुलाला छातीशी धरून बसली होती. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. गाडी पुढं काढताना मला स्वतःची भीती वाटली. आयुष्यभर समोरून येणाऱ्याचा संशय घेतला आणि चुकीच्या बाजूला गेलो मीच.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून मुजावर बाईंकडं गेलो. रागानंच गेलो. "तुमचं मशीन रोज हिरवा देतंय आणि मी झोपेत माणसं मारायला निघालोय."

बाईंनी कपाळाला आठ्या घालून माझी नोंद बघितली. "तास तर पूर्ण आहेत," त्या म्हणाल्या आणि पडदा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "नोंद मी नंतर नीट बघते. आधी मास्क बदलू. तुमच्या नाकाला हा मोठा होतोय." त्यांनी नाकपुड्यांखाली बसणारा लहान मास्क दिला, दाब सुरुवातीला कमी आणि मग हळूहळू वाढेल असा लावला, हवेत ओल राहावी म्हणून डब्यात पाणी भरायला सांगितलं. "आणि झोपताना एकदम लावू नका. दिवसा जागेपणी लावून बसा. टीव्ही बघा, चहा सोडून काहीही करा. मेंदूला कळू दे की यात जीव जात नाही."

मग मी तसा बसायला लागलो. संध्याकाळी सोंड लावून बातम्या बघायच्या. शेजारचा यायचा आणि दारातूनच हात जोडायचा, "मोरया." शालन हसायची, पण तिचं हसणं मला पोकळ वाटायचं. ती माझ्यापेक्षा त्या मशीनकडंच जास्त बघायची. एकदा म्हणाली, "ह्यो लहान मास्क रात्री निघंल का वो?"

"का? निघायला पाहिजे का?"

"तसं न्हाई. आपलं इचारलं."

पहिले काही दिवस तोही निघत होता. आठवड्याभरात माझं आणि सोंडेचं जमलं. एका सकाळी जाग आली तर मास्क नाकावरच होता, डोकं पिसासारखं हलकं, आणि मला स्वप्न पडलं होतं. स्वप्न काय, हे विसरलो, पण पडलं होतं. मी शीळ घालत डेपोत गेलो. आणि त्याच सकाळी लाल दिवा लागला.

डेपो मॅनेजर थोरात साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं. माणूस वाईट नाही.

"डुबल, खरं सांग. काल रात्री कुणाला झोपवलास?"

"मीच झोपलो होतो, साहेब."

"मशीन तसं म्हणत नाही." त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि ती नवी अक्कल काय होती ते मला तेव्हा कळलं.

प्रत्येक माणसाचा श्वास निराळा असतो. एका वेळी एकच नाकपुडी जास्त चालते आणि काही वेळानं पाळी बदलते. ती बदलायची लय प्रत्येकाची वेगळी. श्वास घेऊन किती थांबायचं, सोडताना कुठं अडायचं, हे मेंदू ज्याच्या त्याच्या पद्धतीनं ठरवतो. सहीसारखं. उलट सही बदलता येते, झोपेतला श्वास बदलता येत नाही. दिवाळीनंतर सगळ्या मशीननी आपापल्या मागच्या नोंदी चाळून मालकाचा श्वास शिकून घेतला. त्याला श्वासठसा म्हणतात. दवाखान्यांतसुद्धा हल्ली केसपेपर काढायच्या आधी नाकाला नळी लावतात, ती त्यासाठीच. सगळ्या नोंदी एकाच ठिकाणी जाऊन मिळतात.

"तुझ्या मशीननं मालक म्हणून जो ठसा धरलाय," थोरात म्हणाले, "तो कालच्या माणसाचा नाही. म्हणजे इतके दिवस तू झोपत होतास आणि काल दुसरा कुणीतरी."

"अहो, उलटं आहे. काल मीच होतो."

माझ्या तोंडून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. काल जर मी होतो, तर इतके दिवस कोण होतं?

थोरातांनाही ते ऐकू गेलं असावं. त्यांनी माझ्याकडं न बघता पेन उचललं, खाली ठेवलं. "हे बघ, मी काही ऐकलं नाही. मशीनची चूक म्हणून तक्रार दे. चौकशी होईल, तोवर तू शेडमध्ये काम कर. मशीननं आधी धरलेला तो ठसा दुसऱ्या कुणाच्या नावानं कुठं नोंदीत सापडला नाही, तर प्रकरण मिटेल आणि तुझा नवा ठसा घेतील. सापडला, तर मग फसवणूक. लायसन जाईल, आणि घाट कायमचा सुटेल."

मी तिथून थेट मुजावर बाईंकडं गेलो. वाटेत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते लिहायची सोय नाही. बाई माझीच वाट बघत असल्यासारख्या उठल्या.

"मी तुम्हाला फोन करणारच होते. बसा." त्यांनी दोन रेघा दाखवल्या. "ही कालची रात्र. सुरुवातीला घसा मिटू पाहतो, मशीन दाब वाढवतं, श्वास सरळ होतो. हे तुम्ही. आणि ही आधीच्या रात्रींची. पहिला थोडा वेळ तुमच्यासारखंच. मग मास्क निघतो. काही मिनिटं नुसती गळती. मग पुन्हा लागतो आणि त्यानंतर हे."

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रेघ दिसत होती. श्वास लहान, मग मोठा, आणखी मोठा, मग लहान लहान होत जाऊन सपाट. बराच वेळ सपाट. मग पुन्हा लहान, मोठा.

"इथं घसा उघडाच आहे," बाई म्हणाल्या. "श्वास घ्या असा निरोपच मेंदूकडून येत नाहीये. तुम्ही अंघोळीला गरम-गार पाणी मिसळता, आणि गरम पाणी नळाला उशिरा पोचतं. गार लागतंय म्हणून तुम्ही नळ आणखी सोडता, मग एकदम चटका बसतो, मग बंद करता, मग पुन्हा गार. तसं. हृदय अशक्त झालं की रक्त मेंदूला उशिरा पोचतं. मेंदूला हवेचा हिशेब उशिरा कळतो. तो कधी फार श्वास घेतो, कधी थांबवतो. डुबल, हे हृदय दमलंय. आणि त्याला तुमच्या घशासाठी लावलेला दाब मिळतोय, जो त्याला चालेलच असं नाही."

मी त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं.

"हे कोण आहे, मी विचारणार नाही. फक्त एवढं सांगा. त्या माणसाला झोपताना उशा जास्त लागतात का? जिना चढताना धाप लागते? पाय सुजतात?"

पैंजण. ते भावाला दिले नव्हते. ते पायात मावत नव्हते.

"औषधं आहेत, चांगली आहेत," बाई म्हणाल्या. "वेळेत सुरू केली तर हृदय सावरतं. पण आधी हृदयाच्या दवाखान्यात नेऊन तपासायला पाहिजे, आणि लवकर." मग म्हणाल्या, "मी कुणाला सांगणार नाही. पण तिथं दारातच नाकाला नळी लावतील. ती सांगेल."

घरी गेलो तेव्हा शालन मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि तिच्या पायांकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बघितलं. घोट्याशी बोटानं दाबलं, तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"काय करतायसा?" तिनं पाय ओढून घेतला.

"मास्क तू लावत होतीस."

ती मेथी निवडतच राहिली. मग म्हणाली, "तुमी झोपला की तासाभरात वरबाडून काढायचा. हात असा झटकायचा, पार पलंगाखाली. परत लावाय गेलं की झोपेतच माझ्यावर हात उगारायचा. मग काय करू? सकाळी लाल लागला असता. मला नाहीतरी कुठं झोप येती? म्हटलं, मशीनला नाक पायजे, नाक कुनाचं त्येला काय ठावं. घातला माझ्या नाकाला. पाटं काढून तुमच्या उशाला ठेवला."

"रोज?"

"रोज."

"आणि मी घाटात झोपायला लागलो ते?"

तिचा हात थांबला. "ते मला कुठं ठावं होतं? मला वाटलं, तुमच्या नाकाला असतो तेवढा तासभर तरी उपेग होत असंल." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी म्हनला असता, तर मी स्वतः लाल लागू दिला असता."

मी तिला काही म्हणालो नव्हतो. घाटातलं मी तिला सांगितलंच नव्हतं. माझ्या मनात होतं की सांगितलं तर ती तेच धरून बसेल, घाट सोडा, घाट सोडा. ती माझी नोकरी वाचवायला माझ्यापासून लपवत होती आणि मी नोकरी वाचवायला तिच्यापासून. एका पलंगावर दोघं, मध्ये एक नळी.

मी तिला रेघ समजावली, पाण्याचा नळ समजावला. दवाखान्यात जायचं म्हणालो. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तिथं नाकाला नळी लावत्यात न्हवं?"

तिला कुणी सांगितलं, देव जाणे. बायकांना या गोष्टी माहीत असतात.

"लावत्यात."

"मग न्हाई येनार मी."

"शालन, जीवावरचं हाय हे."

"जीवावरचं म्हंजे तुमचं लायसन. त्येच्याशिवाय तुमी काय करनार? हितं बसून माझ्यावर संशय घेत बसनार दिवसभर? माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." ती भाजी उचलून आत गेली. "पाय काय, उभ्यानं काम केलं की कुनाचं बी सुजत्यात."

दोन दिवस मी सगळे उपाय केले. ओरडलो, गोड बोललो, तिच्या भावाला उंब्रजहून बोलावलं. तो बिचारा आला, पाया पडला तिच्या. ती जागची हलली नाही. तिचा हिशेब सरळ होता. ती दवाखान्यात श्वास घेणार, तो श्वास माझ्या नावावर सापडणार आणि माझी गाडी जाणार. म्हणून ती श्वासच घेणार नव्हती. तिसऱ्या दिवशी ती जिन्याच्या वळणावर खाली बसलेली मला दिसली. किल्ली शोधायचं नाटकही तिनं केलं नाही. ओठ काळसर पडले होते.

मी तिला वर नेलं, टेकवून बसवलं आणि डेपोत गेलो.

थोरात साहेब चहा घेत होते. मी म्हणालो, "साहेब, मशीनची चूक नव्हती. दुसरा ठसा माझ्या बायकोचा आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "डुबल, मी तुला वाट दाखवली होती."

"दाखवली होती. त्या वाटेवर ती मरतीय."

"घरी जाऊन एकदा विचार कर. असं तोंडी बोललेलं मी विसरू शकतो."

"म्हणून तर लिहून द्यायला आलोय," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. मी बॅज काढून टेबलावर ठेवला. बाहेर चिपळूणची गाडी लागली होती, नवा पोरगा चालवायला बसत होता. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. गाडीच्या पत्र्यावर एकदा हात ठेवला आणि रिक्षा करून घरी आलो.

"चल," मी शालनला म्हणालो. "लायसन गेलं. आता लपवायला काही राहिलं नाही."

तिनं मला खालीवर बघितलं. "खोटं बोलतायसा. मला न्यायला."

"नाही."

"तुमी? तुमी सोताहून लायसन दिलं? कुनाला सांगता?"

मी फोन काढून दाखवला. परवान्याच्या ठिकाणी तांबड्या अक्षरांत 'निलंबित' असं आलं होतं. तिनं ते वाचलं, फोन हातात घेऊन पुन्हा वाचलं, खालीवर सरकवून बघितलं. माझ्या सहवासात राहून तिलाही माझी सवय लागली होती. मग तिनं फोन माझ्या अंगावर टाकला आणि मला अशा शिव्या घातल्या की शेजारचा दारात आला. शिव्या देतादेताच तिला धाप लागली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. ती प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चप्पल कुठं ठिवलीय माझी?"

हृदयाच्या दवाखान्यात दारातच एक तरुण मुलगी नळी घेऊन बसली होती. तिनं शालनला खुर्चीत बसवलं, पाठीमागं उशी सारली, नळी लावली. "ताई, काही करायचं नाही. नुसतं बसून राहायचं." शालननं डोळे मिटले. माझं मनगट तिनं इतक्या जोरात धरलं होतं की नखं मला रुतत होती.

पडद्यावर रेघ उमटायला लागली. लहान, मोठी, आणखी मोठी, मग उतरत उतरत सपाट. मी ती रेघ आधी बघितली होती, पण तेव्हा ती कुणा अनोळखी माणसाची होती. आता सपाट झाली तसा माझाच श्वास थांबला. पुन्हा वर चढली, तेव्हा मीही सोडला.

मुलगी पडद्याकडं बघून गोंधळली. तिनं बटणं दाबली, पुन्हा बघितलं.

"तुमचं नाव शालन डुबल सांगितलंत ना? इथं विलास डुबल येतंय. या श्वासावर सगळ्या नोंदी विलास डुबल यांच्याच आहेत. रात्रीच्या."

"नाव बदला," मी म्हणालो. "श्वास तिचाच आहे."

"पण मग हे विलास डुबल कोण?"

"मी," मी म्हणालो. "मी तेव्हा शेजारी झोपलो होतो."